खरं सांगायचं बटण

माझी मुलगी नागपूरला कॉलेजात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत पवनीला आली ती लॅपटॉपमध्ये एक गेम घेऊनच. माझ्या समजुतीप्रमाणे गेममध्ये गोळ्या झाडतात, गाड्या पळवतात, फार तर फळं कापतात. हा गेम म्हणे वेगळा. यात एका म्हातारीला विस्मरणाचा आजार झालेला असतो आणि तिची मुलगी होऊन आपण तिला सांभाळायचं असतं. "खूप रडू येते, आई," मुलगी कौतुकाने म्हणाली. रडायला मिळावं म्हणून लोक असं काही विकत घेतात हे मला नवीन होतं. आमच्याकडे ती सोय घरबसल्या आहे.

माझी आई माझ्याकडेच असते. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि त्यानंतर आईचं डोकं एकेक गोष्ट सोडून द्यायला लागलं. आधी गॅस बंद करणं, मग शेजारणींची नावं, मग माझं नाव. बाबा गेले हेही ती विसरली. रोज आंघोळ झाली की कपाळावर ठसठशीत कुंकू लावते आणि मला विचारते, "तुहे बाबा कोठी गेले वो?"

बाबांनी जन्मभर तलावात जाळं टाकून मासे धरले. म्हणून मी सांगते, "तलावावर गेलेत." ती "हो" म्हणते आणि निवांत चहा पिते. एकदा उन्हाळ्यात मात्र पंचाईत झाली. मी नेहमीचं उत्तर दिलं, तर म्हणाली, "तलावात आता बेडकाले पानी नाही, आन् हे काय धरून रायले तिथी?" पोटच्या पोरीचं नाव आठवत नाही, पण तलाव कधी आटतो ते पक्कं ठाऊक. तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही बाबांना वैनगंगेवर पाठवतो. आमच्या घरात खोटंसुद्धा हवामान बघून बोलावं लागतं.

माझ्या आत्याला हे मंजूर नाही. ही बाबांची धाकटी बहीण. गावातच राहते, आणि गावातल्या सत्याचा ठेका तिच्याकडे आहे. विधवा बाई रोज कुंकू लावते आणि घरचे खुशाल लावू देतात, याने तिच्या जिवाला घोर लागला होता. नवरात्रात ती आली, आईसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वयनी, भाऊ मरून तीन वर्सं झाली. कुंकू कायले लावता?"

मी मध्ये पडेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आईने हंबरडा फोडला. तीन वर्षांपूर्वी फोडला होता तसाच, अगदी कोरा. पदराने घासून घासून कपाळ लाल करून घेतलं. संध्याकाळपर्यंत रडली, जेवली नाही. आत्याने धर्म पाळल्याच्या समाधानात चहा घेतला आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कुंकू लावलं आणि विचारलं, बाबा कुठे गेले. एवढं मोठं सत्य, पण एक रात्र टिकलं नाही. त्या दिवसापासून मला एकच धास्ती आहे, की कोणीतरी पुन्हा तिला सांगेल आणि ती पुन्हा पहिल्यांदा विधवा होईल. पाहुणे आले की मी त्यांना दारातच गाठून बजावते.

तर गेम. त्यात बर्फात एक लाकडी घर होतं. कुठलाही कप्पा उघडला की जुनी आठवण निघायची आणि मागे पियानो वाजायचा. आमच्याकडे कप्पा उघडला की आईने कागदात गुंडाळून लपवलेला परवाचा भात निघतो, आणि काहीही वाजत नाही. गेममधली म्हातारी केस विंचरून, स्वच्छ कपडे घालून खिडकीशी बसलेली. बोलायची तर कवितेत. "हिला संडासला न्यायचं बटण कोणतं?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "आई, ते नसते त्यात." म्हणजे सगळी मलई यांनी घेतली होती आणि करपलेलं भांडं आमच्यासाठी ठेवलं होतं.

आई बाजूलाच खाटेवर लसूण सोलत बसली होती. तिची नजर पडद्यावरच्या म्हातारीवरून हलेना. "इले कोनी जेवाले देल्लं का?" तिने दोनदा विचारलं. गेम बनवणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावरच्या म्हातारीने काहीतरी विचारलं. खाली दोन बटणं आली आणि कोपऱ्यात घड्याळ पळू लागलं. मुलगी आपल्या नादात मोठ्याने बोलून गेली, "नवरा कुठी आहे म्हणून विचारते. तो तर मेला आहे. आई, खरं सांगू का खोटं?"

मी डोळे वटारले, पण आईचे हात थांबले होते.

"मेला?" तिने विचारलं.

मुलीला आता कळलं. आई त्या म्हातारीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता पदर कपाळाकडे जाईल. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

"तिले नोको सांगू," आई माझ्या मुलीला म्हणाली. "तलावावर गेला म्हन. मले बी असंच सांगतेत. बरं वाटते."

आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

मुलीचा हात तसाच राहिला. वेळ संपली, आणि बटण कोणी दाबलं नाही म्हणून गेमने परस्पर खरं सांगून टाकलं. म्हातारी रडू लागली. पियानो अर्थातच तयार होता. "सांगतलं ना शेवटी!" आई वैतागली. मुलीने लॅपटॉप मिटला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागले, घासलेलीच. तिला सगळं ठाऊक आहे? की तेवढ्यापुरतं ठाऊक झालं आणि पुन्हा गेलं? आणि ठाऊक असेल, तर इतके दिवस ती माझ्यासाठी "हो" म्हणत होती का? हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही, अजून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंकू लावलं आणि विचारलं, "तुहे बाबा कोठी गेले वो?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबा गेले तेव्हा आईला सांभाळायच्या धांदलीत मी धड रडलेही नव्हते, ते सगळं आता डोळ्यांतून यायला लागलं.

आईने मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तलावावर गेले असतीन ना वो," ती म्हणाली. "येतीन. रडतं कायले?"

आणि मला बरं वाटलं.