ट्रकांचं कडवं

डिचोलीच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. दरवर्षी एक तास इंग्लंडमधल्या जुन्या रस्त्यावरच्या गाण्यांवर असतो. एका कागदावर छापायचं, कोपऱ्यावर उभं राहून विकायचं आणि ओळखीच्या चालीवर म्हणायचं, असली ती गाणी. त्यांत बड्या लोकांचीही सालटी काढलेली असायची. "केवढं हे धाडस!" म्हणून मी वर्गात आवाज चढवतो.

यंदा शिगम्यात आमच्या गावच्या मेळाने, म्हणजे ढोल वाजवत दारोदार गाणाऱ्या पोरांनी, तसंच गाणं रचलं. खनिजाचे ट्रक धूळ उडवतात, भातावर लाल थर बसतो, म्हातारी माणसं खोकून खोकून हैराण होतात, असं एक कडवं त्यात होतं. शिगम्याच्या कमिटीने गाणं छापून आणलं. कागद हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. ते कडवं गायब! त्या जागी ट्रकमालकाचा हात जोडलेला फोटो आणि शिगम्याच्या शुभेच्छा.

"सर, रागाव नकात," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. "ढोल तेंनीच दिल्यानी."

म्हणजे ढोल त्याचे, धूळ त्याची, आणि तोंडं तेवढी आमची!

मेळ त्याच्या अंगणातही गेला. नारळ मिळाला की त्या घराचं बरं मागायचं, हा आमचा रिवाज. त्याने नारळ ठेवला. पोरांनी धुळीने बसलेले घसे खाकरले आणि मोठ्याने गायलं, या घरी जे आहे ते दुप्पट होवो.

अंगणाबाहेर त्याचे ट्रक ओळीने उभे होते.