मागे न पाहण्याची रीत

सेतुमाधवांनी जन्मभर विम्याच्या कचेरीत कारकुनी केली, पण मैलापुरात त्यांची ओळख नाव वल्हवणारा माणूस हीच. कचेरीच्या शर्यतीसाठी म्हणून तरुणपणी वल्ही हातात घेतली, ती कधी सुटलीच नाहीत. बरोबरीचे गुडघे धरून बसले, क्लबात फायबरच्या हलक्या होड्या आल्या, तरी हे आपले दर रविवारी जुनी सागवानी नाव काढून अड्यार नदीत. पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. यांना नदीचा वास कधी आलाच नाही. प्रेमात माणसाचं नाकसुद्धा कामातून जातं.

त्यांची बायको श्रीलक्ष्मी शाळेत गणित शिकवायची. तिने नावेत कधी पाय ठेवला नाही. "पुढं पाठ करून जाणाऱ्याच्या भरवशावर मी बसायची नाही," म्हणायची. खोटं नव्हतं. वल्हवणारा पिछाडीकडे तोंड करून बसतो. मागे राहिलेलं सगळं त्याला दिसतं, पुढचं काही नाही. पण शेवटच्या दुखण्यात तिनेच सांगितलं, "मला तुमच्याच नावेतनं न्या. आतां मळमळायचं भय नाही." सेतुमाधव हसले, आणि बाहेर जाऊन रडले.

अस्थी सोडायच्या सकाळी उपाध्याय राघोत्तमाचारांनी काठावर विधी केले आणि बजावलं, "सोडल्यावर मागं पाहूं नका. पाहिलं तर गेलेला जीव अडकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. वल्हवणाऱ्याला मागे पाहायला वळावंच लागत नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. खुद्द सेतुमाधवांच्याही नाही.

पेरुंगुडीच्या ऑफिसातून रजा घेतलेली त्यांची लेक संयुक्ता कलश मांडीवर घेऊन पिछाडीला बसली. ओहोटी होती, नाव अलगद निघाली. अड्यारचा मोठा पूल डोक्यावरून गेला, वर बसगाड्या धडधडत होत्या. पुढे मोडक्या पुलाचे खांब लागले. त्यांच्यामधून पलीकडे, नदी समुद्राला भिडते तिथे, बापलेकीने अस्थी सोडल्या. वर फुलं सोडली. सेतुमाधवांनी नाव फिरवली, वल्ही ओढायला हात पुढे केले आणि थबकले. समोर फुलं होती.

"अप्पा, पाहूं नका!" संयुक्ता ओरडली. तिची पाठ तिकडे होती, ती रीतीप्रमाणे बसली होती. आईचे विधी तिने हट्टाने, एकही न गाळता करवून घेतले होते.

सेतुमाधव घाईने फळीवर उलटे बसले आणि वल्ही ओढण्याऐवजी ढकलू लागले. पण ओढायला अख्खी पाठ कामी येते, ढकलायला नुसते दंड, तेही म्हातारे. ओहोटीपुढे काही चालेना. नाव मागे मागे, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या तिकडे जाऊ लागली. संयुक्ताला पोहता येत नव्हतं. त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ते पुन्हा फिरून बसले, डोळे गच्च मिटले आणि ओढू लागले.

तशीच नाव मोडक्या पुलाच्या खांबाला घासली. "डावं ओढा, अप्पा!" संयुक्ताने सांगितलं. त्यांनी ओढलं. "आतां दोन्ही." नाव सुटली. ती सांगत गेली, ते डोळे न उघडता ओढत गेले. जमत होतं. असेच काठापर्यंत गेले असते.

पण संयुक्ता त्यांच्याकडे पाहत होती. मिटल्या पापण्यांतून पाणी गालावर उतरत होतं, आणि दोन्ही हात वल्ह्यांत अडकलेले, पुसायचीही सोय नाही. तिला ते बघवेना.

"अप्पा, डोळे उघडा."

"ती अडकेल, कन्ना." तिच्या लहानपणीच्या लाडाच्या हाकेने ते म्हणाले.

"नाही अडकत. मी पाहत नाही की. दोघांपुरती रीत मी पाळते, तुम्ही पाहा तिला."

सेतुमाधवांनी डोळे उघडले. फुलं समुद्राकडे सरकत होती. लेकीच्या खांद्यावरून ते फुलांकडे पाहत राहिले. आणि श्रीलक्ष्मीचा निरोप घ्यायचा म्हणजे वल्हं ओढायचं, दर ओढीला आपणच तिच्यापासून दूर जायचं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ओढणं थांबवलं नाही.