गेटसभा झालीच नव्हती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाय. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण काय असायचंय? थकलोय, एवढंच.

चितेगावच्या कंपनीत आमची युनियन होती, आणि युनियन म्हणजे नाना. गेटवर उभं राहून बोलायला मला त्यांनीच शिकवलं. पण इतकी वर्षं अध्यक्ष राहिलं की माणसाला वाटायला लागतं, आपण म्हणू तेच खरं. नानांचंही तसंच झालं. कुणालाही न विचारता त्यांनी संप पुकारला. मग आम्ही काहीजणांनी ऑफिसचं कुलूप बदललं, त्यांना अध्यक्षपदावरून काढलं आणि त्यांच्या चौकशीला पाच जणांची समिती बसवली, त्यात मीही होतो.

बसवली कुणी? इथंच तर गोम आहे. क्रांती चौकातल्या एका हॉटेलात कंपनीच्या साहेबानं नावं सुचवली, आम्ही चहा पीत माना डोलावल्या. गेटवर सभा घेऊन कामगारांना कुणी विचारलंच नव्हतं.

चौकशीला नाना आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. म्हणाले, तुमचा अधिकारच मी मानत नाय. कामगारांनी हात वर करून तुम्हाला बसवलं असंल, तरच उत्तर देईन. बाकीचे कागद चाळायला लागले. मग ते माझ्याकडं वळले. बाकीच्यांच्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता — माझ्यावर होता.

"संतोष, तू सांग. गेटसभा झाली? पोरांनी हात वर केले?"

"व्हय नाना. सगळ्यांनी."

इतकं सोपं असतं? वर मीच त्यांच्याकडं खुर्ची सरकवली.

नाना बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, पोरांनी बसवलंय तर मला मान्य आहे, विचारा. विचारलं ते सगळं कबूल केलं. संपाचं चुकलं म्हणाले. आम्ही त्यांना युनियनमधून कायमचं काढलं. पुढं अध्यक्ष कोण झालं? मीच.

तेव्हापासून नाना गेटकडं फिरकले नाहीत. ज्या पोरांना भांडून भांडून पर्मनंट केलं, त्या सगळ्यांनी आपल्याविरुद्ध हात वर केला, असं धरून घरात बसलेत. आणि पोरं म्हणतात, नानांना लई गर्व, ओळखसुद्धा दाखवत नाहीत. मी ऐकून घेतो. एका वाक्याचं काम आहे — तेवढं माझ्याच्यानं होत नाय.

काल क्रांती चौकात सिग्नलला दिसले. फार वाळलेत. मी तोंड फिरवणारच होतो — पण त्याआधी त्यांनीच मान खाली घातली.