खापराखालचा जाळ

मला अक्षरओळख पत्रकांवर झाली. वडील चळवळीतले, आमच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आईला "यापुढे धूर नको, छातीला सोसणार नाही," असं बजावलं, तेव्हा मी दुसरं काय करणार? पत्रक लिहिलं. 'चूल विझवा!' आमच्या गावात, रनाळ्यात, घरोघर वाटलं आणि एक आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं.

त्या स्वयंपाकघरात माणसाच्या इंधनाचा सगळा इतिहास दाटीवाटीनं नांदतो. कोपऱ्यात चूल आणि तिच्यासाठी पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या काड्या. फळीवर गंजलेला रॉकेलचा स्टोव्ह. ओट्यावर गॅस, आणि त्याला खेटून छतावरच्या सोलरवर चालणारी शेगडी. नवं आलं म्हणून जुनं बाहेर गेलं, असं आमच्याकडे कधी झालं नाही. चूल मात्र त्या पत्रकानंतर थंड पडली. आई निमूट शेगडीवर भाजी करू लागली. तिचा खोकला उतरला. मी जिंकलो होतो.

मग आखाजी आली. या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि त्यांच्यासाठी खापरावर मांडे होतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवलेली पुरणाची पोळी त्याच्यावर टाकायची. ताई पोचली होती. आईनं चुलीकडे पाहायच्या आत मी खापर गॅसवर चढवलं. थोड्या वेळानं टक् झालं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"फोड, आखो एक फोड," आई म्हणाली. "गॅस मझारमाच जळस. पऱ्हाटीना जाळ चारीमेर फिरस." नुसतं मधोमध तापलं की खापर तडकतं, हे मला कुठं ठाऊक!

"मग यंदा मांडे नकोत, माय."

"मन्ही पोर वरीसनी येस. तिले काय तुन्हं पत्रक वाढू?"

ती दुसरं खापर घेऊन अंगणात सणापुरत्या मांडलेल्या चुलीपुढे जाऊन बसली. मला राग आला, पण तिचा नाही. इंधनाचा इतिहास सांगणारे कोळसा मोजतात, तेल मोजतात, धरणं मोजतात. फुंकणीतून गेलेला बायकांचा श्वास कोणी मोजला? घरोघरचा सण त्या श्वासावर उभा आहे, आणि आम्ही आमरस वाढून घेत "वा!" म्हणतो.

वडील खाटेवरून उठले. आमच्याकडे गडीमाणूस खापराच्या जवळपासही फिरकत नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. "ऊठ तू. जाळ आम्ही करतस," म्हणाले, आणि आईला निंबाखाली, वाऱ्याच्या उलट अंगाला, खाटेवर बसवलं. पेटवायला कागद हवा होता. त्यांनी गठ्ठ्यातलं माझंच पत्रक ओढलं. मीच काडी लावली.

ताई पोळी झुलवत होती. मी फुंकणी धरली. आई खाटेवरून राज्य करत होती.

"काड्या बाजूले सरकाव! करपी जाई!"

"सरकावल्या, माय."

"भाषणमा बहू फुकस ना, आते आठे फुक!"

ताई इतकी हसली की हातावरची पोळी घसरता घसरता वाचली. उद्या कोणी खापराला चारी बाजूंनी कवेत घेणारी, धूर न करणारी आच शोधून काढेल. त्याची पत्रकं मी गावोगाव वाटीन. पण त्या दुपारी आमच्याकडे पऱ्हाटी होती आणि आम्ही दोघे अडाणी गडी होतो.

पहिला मांडा एका अंगानं करपला. ताईनं तो आमरसासोबत ताटात घातला आणि थेट खाटेवर नेला. आखाजीला सगळ्यांच्या शेवटी जेवणारी आई ताटाकडे बघतच राहिली.

"पोरीले पहिलं," ती म्हणाली.

"माय, खाय ना वं!" ताईनं दटावलं.

तिनं तुकडा मोडला, चावला. "एक आंग कच्चं शे," म्हणाली आणि खातच राहिली. मी कान देऊन तिच्या खोकल्याची वाट पाहिली. तो आला नाही. एवढ्यात वारा फिरला, धुराचा लोट माझ्या तोंडावर आला आणि मीच ठसकायला लागलो.

आईनं घास हातातच थांबवला.

"भाऊ, सरक तठून," ती माझ्याकडे बघून ओरडली. "धूर चांगला नही ऱ्हास!"