पुट अप म्हणजे थोडे दिवस

मिरज स्टेशनवर गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा आईनं खिडकीतून दहीपोह्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि तिला रडू आवरेना. नाना रडले नाहीत. ते फलाटावर उभे राहून दिलीपला, म्हणजे माझ्या नव्याकोऱ्या नवऱ्याला, मला सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो एवढंच बजावून सांगत होते. तेव्हा बंगलोरची गाडी छोट्या रुळांवरून जायची आणि इतकी रमतगमत निघायची की निरोप देणाऱ्यांची पंचाईत व्हायची. हात हलवून दुखायला लागले तरी माणसं समोरच! नाना गाडीच्या बरोबरीनं चालत राहिले आणि शेवटी म्हणाले, "शैले, तिथं राहायला चाललीयस. उतरायला नाही. ध्यानात ठेव."

मिरजेत नानांच्या हाताखाली शिकलेल्या तुम्हा सगळ्यांना हे वेगळं सांगायला नको. इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटीला एखादा छोटा शब्द लावला की अर्थ कुठच्या कुठे जातो, हे ते घरातल्या उदाहरणांनी शिकवायचे. पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं: तुझे मामा लग्न पुढं ढकलतायत. पुट आउट म्हणजे विझवणं: आईनं स्टोव्ह विझवला. आणि पुट अप म्हणजे उतरणं. निपाणीचे काका येतात आणि आपल्याकडे उतरतात. "पुट अप म्हणजे थोडे दिवस," नाना सांगायचे. "उतरलेल्या माणसाची पिशवी कॉटखाली बांधलेली असते. राहणाऱ्याची पिशवी माळ्यावर जाते."

बंगलोरला जयनगरच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये एका बाईंनी विचारलं, "व्हेअर आर यू पुट अप?" माझा चेहराच पडला. हिला कसं कळलं की माझं मन अजून इथं लागलेलं नाही? नंतर समजलं की इथं सगळे सगळ्यांना तेच विचारतात. जन्म इथंच गेलेल्यालाही विचारतात. मी आपली "जयनगर, फोर्थ ब्लॉक" म्हणून मोकळी व्हायची. पण आतून दरवेळी वाटायचं, बरोबर विचारलंस बाई, उतरलेच आहे मी.

मग आई गेली. नाना मिरजेत एकटे राहिले आणि माझी ओढाताण सुरू झाली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घर सोडून गेले, त्यांना हे ठाऊक असणार. दर रविवारी एसटीडी बूथसमोरची रांग. शेजारच्या देसायांकडे फोन, ते हाक मारणार, नाना येईपर्यंत मीटरचे लाल आकडे पळणार, आणि नाना येऊन म्हणणार, "मी बरा आहे. ठेव आता." एकदा ते न्हाणीघरात घसरून पडले, तेही मला दोन आठवड्यांनी कळलं. शाळा, घर, रात्रीची गाडी, पुन्हा शाळा. मी दमून गेले होते. मला एकच हवं होतं: नानांनी माझ्याकडे येऊन राहावं. उतरू नये, राहावं.

पण मुलीचं घर! ज्या घरी मुलगी दिली तिथं फार दिवस जेवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. इंग्रजी कितीही वाचलं तरी नानांच्या अंगातून ती गेली नव्हती. "तिसरे दिवशी राही, त्याची अक्कल जाई," असं म्हणत ते हसायचे. त्यावर त्यांनीच तोड काढली होती. येताना मिरजेहून स्वतःची ज्वारी घेऊन यायचे, चांगला टपोरा शाळू. आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात ती ओतायचे. दोन्ही वेळा भाकरी त्याच ज्वारीची खायची. डब्याचा तळ दिसला की पिशवी कॉटखालून बाहेर. दिलीपनं किती विनवलं! "नाना, मी काय परका आहे का?" "परका नाहीस, जावई आहेस," नाना म्हणायचे, आणि तिकीट काढायला निघायचे.

इथल्या गिरणीत सगळे रागी, म्हणजे आपली नाचणी, दळून घेतात. माझी ज्वारी त्याच जात्यातून यायची, त्यामुळे भाकरी जराशी तांबूस व्हायची. नाना ती उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "चालतंय."

खाली घरमालक राहायचे, राघूअण्णा. घराणं शहाजीराजांच्या काळापासून इकडचं, मराठी अजून घरात, पण निम्मी कानडीत बुडालेली. त्यांचं आणि नानांचं मेतकूट जमलं. "मास्तर, बसा की हो. स्वल्प कॉफी घेऊन जावा," अशी हाक आली की नाना चपला सरकवायचे. संध्याकाळी दोघं उद्यानात जायचे. तिथल्या पेन्शनर मंडळींत कुणी नवा आला की नानांना विचारायचा, "व्हेअर आर यू पुट अप, सर?" आणि नाना, ज्यांना हा प्रश्न शब्दशः लागू पडत होता असे त्या बाकावरचे एकमेव गृहस्थ, मान हलवून सांगायचे, "विथ माय डॉटर. फॉर अ फ्यू डेज."

एका वर्षी दसऱ्याला ते आले तेव्हा वाळले होते. जिना चढताना मधे थांबले आणि मला पुढं जा म्हणाले. मी ठरवलं, या खेपेला परत पाठवायचं नाही. भांडून उपयोग नव्हता. मी बाजारातून ज्वारी आणली, इथली बिळी जोळ, उत्तर कर्नाटकातून येते ती. नाना उद्यानात गेले की मूठ मूठ त्यांच्या डब्यात मिसळायला लागले. दिवाळी आली आणि गेली. डबा काही संपेना. नाना रोज जेवताना डब्याकडे बघायचे आणि पुढचा घास घ्यायचे. मला वाटायचं, वयामुळे त्यांच्या लक्षात येत नसावं. वाईटही वाटायचं आणि बरंही वाटायचं. दोन्ही खरं.

संक्रांतीच्या आधी मला टायफॉइड झाला. मी अंथरुणात, दिलीप रजा काढून पेज करतोय, आणि तापातही माझ्या डोक्यात एकच किडा: डबा. भाकरी करायला राघूअण्णांच्या सुनेनं एक अक्का, म्हणजे स्वयंपाकाची बाई, लावून दिली होती. ती दळणाला रोज ज्वारी काढणार, मी भरणार नाही, तळ दिसणार. दिलीपला सांगावं तर नाना समोरच खुर्ची टाकून बसलेले. माझ्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलायला ते कुणाला हातच लावू देत नसत. मी डोळे मिटून पडायचे आणि वाटायचं, माझा ताप उतरला की हे जाणार.

ताप गेला. भिंतीला धरून मी स्वयंपाकघरात गेले ती पहिली त्या डब्याशी. झाकण उघडलं.

डबा काठोकाठ भरलेला होता.

मूठभर ज्वारी उचलून पाहिली. शाळू नव्हता. इथली होती, मी आणायची तीच. एवढ्यात राघूअण्णा पेरू घेऊन वर आले आणि माझ्या हातातली ज्वारी बघून म्हणाले, "मास्तर येऊन घेतले की हो माझ्यासंगं, मार्केटात. अर्धं पोतं! मी म्हटलं, एवढं कशाला? म्हणतात, लागेल. सरी, म्हटलं, मी रिक्षा केलो."

नाना गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी हातातली ज्वारी डब्यात सोडली आणि झाकण लावलं. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही. पेपराआडून आवाज आला, "शैले, उभी राहू नकोस. त्या अक्कांना म्हणावं भाकरी जरा पातळ थापा."

त्यानंतर नाना मिरजेला परत गेले नाहीत. पण राहतो असंही ते कधी म्हणाले नाहीत. पिशवी अजून कॉटखाली आहे. उद्यानात कुणी विचारलं तर उत्तर तेच होतं, फॉर अ फ्यू डेज. आता उद्यान सुटलं आहे, जिना उतरवत नाही. राघूअण्णाच वर येऊन बसतात.

मिरजेहून तुम्ही पत्रांतून विचारता, घर आता कुठलं म्हणायचं? तिथलं की इथलं? खरं सांगते, विचार करायला सवड नाही आणि त्राणही नाही. शाळेतून येते, गिरणीत थांबते, डबा भरते. तो डबा ज्या फळीवर आहे ती फळी माझं घर.

रात्री ताट वाढलं की नाना भाकरी उजेडात धरतात आणि हल्ली रोज विचारतात, "ज्वारी किती राहिलीय गं?"

"अजून बरीच आहे, नाना," मी सांगते. "जेवा तुम्ही."