मांजराच्या मिशा

स्वरांगी केळकर ॲनिमेशन शिकायला पुण्याहून आयर्लंडला आली आणि नंतर तिथल्याच किलकेनी शहरात राहिली. जुन्या कार्टून फिल्म्सवरची धूळ आणि ओरखडे काढणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत ती काम करते. गेल्या वर्षी त्यांच्याकडे १९३०च्या दशकातलं एक कार्टून आलं. कार्टूनं नुकती बोलू-गाऊ लागली होती, त्या काळातलं. त्यात एक मांजर बँडच्या तालावर नाचतं. स्वरांगी त्यावर महिनोन्‌महिने खपली. शेवटचा भाग मात्र मालक डेक्लननं घाईत सॉफ्टवेअरवर सोपवला. वेगानं हलणारी बारीक रेघ सॉफ्टवेअरला धूळच वाटली. ऐन नाचात मांजराच्या मिशा गेल्या, शेपूट अर्धी उरली.

"माणसानं हातानं काढलेल्या रेघा आहेत या! कचरा वाटला तुला?" स्वरांगी कडाडली.

"ग्रँड दिसतंय की! कुणाच्या लक्षातही येणार नाही," डेक्लन म्हणाला. "आणि शो शुक्रवारी आहे."

"मग फिल्मवरून माझं नाव काढून टाक."

त्यानं खरंच काढलं. शुक्रवारी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभ्या असलेल्या स्वरांगीला त्या टाळ्यांचीही चीड आली.

सोमवारी तिनं मूळ स्कॅन उघडला आणि कुणालाही न विचारता एकेक फ्रेम दुरुस्त करायला घेतली. डेक्लननं मुकाट्यानं चहा आणून ठेवला. तिनं कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.