सूर पडू द्यायचा नाही

बाबा उमरेडच्या बँडपार्टीत सॅक्सोफोन वाजवायचे. वरातीत सूर पडू द्यायचा नाही, हा त्यांच्याकडचा कायदा. एकाचा दम संपला की शेजारच्याने तिथूनच धून उचलायची. नवरदेव राहू द्या, त्याच्या घोड्यालाही कळता कामा नये. पुढे बाबांचे दात गेले, फुंक सुटायला लागली, आणि सॅक्सोफोन माझ्याकडे आला.

मी त्यावर वाजवते ब्राझीलच्या गाण्यांच्या चालीवरचं, आजच्या जॅझमध्ये मिसळलेलं संगीत. त्या चालीला घाई ठाऊकच नाही. भर दुपारी पडदे ओढून वाजवत बसलं की वाटतं, आपलं नागपूर कुणीतरी अलगद उचलून समुद्राकाठी नेऊन ठेवलंय. बाहेर ऊन भाजतंय आणि खोलीत लाटा येतायत. बाबांना हे पटायचं नाही. "काय झोपाळू वाजवून राहिली वं? यावर नाचन कोण?" म्हणायचे आणि दार ओढून घ्यायचे. ते ओढलेलं दार मला फार लागायचं.

गेल्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम होता. बाबा चक्क आले, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. आजही यांना आवडलं नाही, तर पुन्हा कधी बोलवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

शेवटची धून माझी स्वतःची. घरी एकटीने मी ती सलग वाजवते, साथीदारांबरोबर मात्र तिच्यात एक जागा मोकळी सोडते. गिटार, ड्रम सगळं थांबतं. डोळे मिटून मी त्या शांततेत तरंगत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून घोगऱ्या आवाजात पुढची ओळ आली. बाबा! खुर्चीतून अर्धे उठलेले, मांडीवर ताल धरलेला. लोक माना वळवून बघायला लागले. मी हसू दाबत ती ओळ त्यांच्याकडून उचलली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मधातच काहून थांबली वं? मले वाटलं, दम संपला तुया."

"तिथं थांबायचंच असते, बाबा. पण तुम्हाले पुढची ओळ कशी ठाऊक? लोकांसमोर आज पहिल्यांदाच वाजवली मी."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "दार पातळ हाये आपल्या घरचं."

मी स्कूटर अगदी हळू चालवली. मागे बसून ते तीच धून गुणगुणत होते, आणि मोकळ्या जागेशी आले की थांबत होते.